दंडावरच्या दोन खुणा

मंडळाच्या पुस्तिकेसाठी बायकांनी ‘आजारावर मात’ या विषयावर लिहावं, असं सेक्रेटरींनी देवळात जाहीर केलं आणि सगळ्या बायकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे या बेटावरच्या रोझ बेल गावातल्या मराठी माणसांत आजारी पडलेली मी एकटीच! मी म्हटलं, लिहीन, पण मात वगैरे काही केलेली नाही, तेवढं खोडा. सेक्रेटरी हसले. त्यांना वाटलं मी विनय करतेय.

विनय माझ्यात नाही, हे फॅक्टरीतल्या पोरींना विचारा. बारा वर्षं मी स्वेटरांना कॉलर जोडते आणि सुपरवायझरशी भांडते. शाळेत फ्रेंच-इंग्रजी शिकले, मराठी संध्याकाळी बैठकीच्या वर्गात, एका म्हाताऱ्या गुरुजींच्या छडीखाली. तेव्हा लिहिण्यात चुका सापडल्या तर तुमच्याजवळच ठेवा.

मला कांजिण्या आल्या त्याला आता बारा वर्षं होतील. मोठं वादळ येऊन पत्रे उडाले होते, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. मी बरी झाले. कुणाला वाटत असेल की गोष्ट इथंच संपली, तर त्यानं पान उलटावं.

मीनाच्या अंगात आई

घरात आम्ही सहा जण. सासूबाई, थोरले दीर, थोरली जाऊ कमल, त्यांची सहा वर्षांची मीना, मी आणि आमचे हे. हे ऊस नेणाऱ्या लॉरीवर ड्रायव्हर. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. सहा वर्षांत मी किती देवांना काय काय कबूल केलं, त्याची यादी केली तर पुस्तिका पुरायची नाही. सातव्या वर्षी दिवस राहिले. मी कुणाला सांगायलाच तयार नव्हते, दृष्ट लागेल म्हणून. पोट दिसायला लागलं तेव्हा फॅक्टरीतल्या पोरी म्हणाल्या, “आता तरी सांग बये, की पाव जास्त खाल्लास?”

गणपती पोहोचवून आलो त्याच आठवड्यात मीनाला ताप भरला आणि पाठीवर पुटकुळ्या उठल्या. कमलनं फ्रॉक वर करून दाखवला. सासूबाईंनी एकदा पाहिलं, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

“आई आली गो घरात,” त्या म्हणाल्या. “चूल थंड करा. फोडणी बंद. कुणी मोठ्यानं बोलू नका.”

इथल्या क्रेओल बोलीत या आजाराला वारिसेल म्हणतात. आमच्या घरात तो शब्द उच्चारायची सोय नव्हती. अंगावर जे जे उठतं ते सगळं आईचं. लहान असो, मोठं असो, आई एकच. मीनाला कडुनिंबाच्या डहाळीनं वारा घालायचा, तिला ‘तू’ म्हणायचं नाही, ‘तुम्ही’ म्हणायचं. सहा वर्षांच्या पोरीची काय मजा! “आजी, आम्हाला बिस्कीट पाहिजे,” म्हणायची, आणि आजी उठून द्यायची. मलाही हसू यायचं.

ओटी

सासूबाईंच्या माहेरची एक रीत होती. दुसऱ्या मराठी घरांत ती मी पाहिली नाही. घरात आई आलेली असताना कुणी पोटुशी असेल, तर ज्या पोरीच्या अंगात आई आहे तिला पाटावर बसवायचं आणि तिच्या हातानं पोटुशीची ओटी भरायची. मग पोरीनं पोटावर हात ठेवायचा. तेवढं झालं की पोटातलं मूल आईचं झालं, त्याला कसली भीती नाही.

माझा नववा लागला होता. ओटीच्या आदल्याच दिवशी दवाखान्यातली नर्स घरी तपासायला आली. तिनं मीनाला पाहिलं आणि मला दारातच थांबवलं.

“तुझं माहेर कुठं?”

“शमें ग्रेनिएला.”

“आजच्या बसनं जा. पोर बरी होईपर्यंत येऊ नकोस.”

मी बाही वर केली. दंडावर लहानपणी टोचलेल्याच्या दोन खुणा, ठसठशीत, पैशाएवढ्या. “हे बघा मादाम, मला टोचलंय. दोनदा.”

ती म्हणाली, “ते त्या मोठ्या रोगाचं. हा वेगळा. याला टोचणी नाही.”

मी मान हलवली. मनात म्हटलं, ही क्रेओल बाई, हिला आमच्या आईतलं काय कळतंय? एकाच आईचे दोन रोग वेगळे कसे असतील? टोचलं तेव्हा आईशी समेट झाला तो झाला, असं आम्ही सगळे धरून चालत होतो. सासूबाईंच्या दंडावर खूण नव्हती, म्हणून त्या स्वतः मीनाच्या पाटापासून दोन हात लांब बसायच्या. मला मात्र त्यांनी बाही वर करायला लावली, खुणा बोटानं चाचपल्या आणि म्हणाल्या, “हिला काय होतंय?”

मला कुणी ढकललं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं गावात सासूबाईंना खूप बोल लागला. कमल तर म्हणाली होती, “तारा, नर्स सांगते तर जाऊन ये ना चार दिवस.” मीच गेले नाही. सहा वर्षं दारोदार मागत फिरल्यावर आई चालून घरात आली होती, आणि मी बस पकडून पळू? मी हिरवी साडी नेसले. मीनानं तांदूळ, नारळ, हळकुंड माझ्या पदरात टाकलं. तिच्या हातावर फोड होते, ओले. तो हात तिनं माझ्या पोटावर ठेवला. आत बाळ हललं. मीना दचकून खिदळली, “काकू, लाथ मारली!” आणि आम्ही सगळ्या हसलो. त्या दिवसाइतकी मी कधी सुखी नव्हते.

माझी पाळी

पंधरा दिवस गेले. मीनाच्या खपल्या पडल्या, कडुनिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, दहीभाताचा नैवेद्य झाला, आईला निरोप दिला. घरात पुन्हा फोडणीचा वास आला.

सोळाव्या दिवशी सकाळी माझी कंबर मोडून आली. वाटलं, दिवस भरत आले, म्हणून. दुपारी भांडी घासताना गळ्याला खाज आली. हात लावला तर फोड, साबुदाण्याएवढा, पाण्यानं भरलेला. आरशात पाहिलं, गळ्यावर पाच. पोलकं सोडलं, छातीवर किती ते मोजलं नाही.

मी बाहीही वर करून पाहिली. खुणा होत्या तिथंच. खुणांच्या शेजारी एक फोड होता. “अगं बाई,” एवढंच तोंडातून निघालं. मग मी न्हाणीच्या दगडावर बसले ती उठलेच नाही. त्या नर्सनं काय सांगितलं होतं ते शब्दन्‌शब्द आठवत होतं.

सासूबाई म्हणाल्या, “ओटी आईनं मान्य केली, म्हणून भेटायला आली.” मी त्यांच्यावर ओरडले. अंगात आई आलेली सून सासूवर ओरडते म्हटल्यावर त्या आणखीच हात जोडायला लागल्या. काय बोलायचं मग!

तीन दिवस घरात ठेवलं. औषध नाही, डॉक्टर नाही, आईचा कोप नको म्हणून. मोठ्या माणसाच्या कांजिण्या म्हणजे काय असतं ते मीनाकडे बघून कळणार नव्हतं. ती बिस्किटं खात होती. मला तोंडात फोड, घशात फोड, नको तिथं फोड. चौथ्या दिवशी श्वास पुरेना आणि त्यातच पोटात कळा सुरू झाल्या. ह्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते त्यांना म्हणाले, “बाजूला हो.” मला उचलून लॉरीत घातलं. मागं अर्धा ऊस भरलेला तसाच होता.

मागचा वॉर्ड

हॉस्पिटलात मला बायकांच्या वॉर्डात घेईनात. मागं एक वेगळी खोली होती, दोन खाटांची, एक रिकामी. संसर्गाच्या माणसांसाठी. तिथंच बाळंत झाले, भर दुपारी, तोंडाला फडकं बांधलेल्या तीन माणसांच्या मध्ये. रडणं ऐकलं. “मुलगी,” कुणीतरी म्हणालं. दारातून बाहेर नेताना एक पाय दिसला. गुलाबी, स्वच्छ, एक डाग नाही.

डॉक्टर आपलेच होते, हिंदू, भोजपुरी बोलणारे. त्यांनी सांगितलं, “बच्ची ठीक आहे. पण तुमच्यापासून लांब ठेवायची. तुमच्या अंगावरची शेवटची खपली पडेपर्यंत तिला हात लावायचा नाही. दहा-बारा दिवस ती साफ राहिली तर सुटली.”

तर सुटली. तेवढ्या दोन शब्दांवर मी जगायला लागले.

त्या वॉर्डात मारीझ नावाची एक आया होती, साठीला आलेली, जाडजूड क्रेओल बाई. मी खाजवू नये म्हणून तिनं माझ्या हातांवर पायमोजे चढवले. दुधाच्या पावडरीचा गोड चहा ती स्वतः माझ्या तोंडाला लावायची. मला न्युमोनिया झाला होता, दोन दिवस मी शुद्धीत कमी आणि बाहेर जास्त. तेव्हा ती म्हणत राहायची, “पा प्लोरे, मो तिफी.” रडू नको, पोरी. मी रडत नव्हते. रडायला श्वास लागतो.

तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आंघोळ झाल्यावर ती बाळाला घेऊन माझ्या खिडकीबाहेर उभी राहायची. काच बंद. दुपट्यातून चेहरा बाहेर काढायची आणि बोटानं खूण करायची: कपाळ साफ, गाल साफ, हात साफ. मग अंगठा वर करायची. चौथा दिवस साफ. पाचवा साफ. सहावा साफ. बाळ डोळे उघडून काचेकडे बघायचं. मी दिसत असेन की नुसता उजेड, कोण जाणे. दूध येत होतं ते पिळून मोरीत ओतायचं होतं. ते ओतताना मला जे व्हायचं ते मी लिहिणार नाही.

चार वाजता भेटीची वेळ. ह्यांना आत सोडत नव्हते. तारेच्या कुंपणापाशी उभे राहून ओरडायचे, “जेवलीस का?” मी खिडकीची फट करून ओरडायची, “तुम्ही जेवलात का?” बाकी काय बोलणार! एकदा म्हणाले, “आई म्हणते, सुया टोचून घेतल्यास, अंगातल्या आईला राग आलाय.” मी म्हटलं, “तुमच्या आईला सांगा, राग मलाही आलाय.” पलीकडच्या वॉर्डातल्या बायका हसल्या.

खपल्या

सातव्या दिवसापर्यंत माझ्या बऱ्याच खपल्या पडल्या होत्या. पोटावर, पाठीवर आणि कपाळावर राहिल्या होत्या. माझ्या मनानं घेतलं की बाळाच्या आणि माझ्या मध्ये एवढंच उरलंय. मोजे काढले आणि एकेक खपली नखानं उपटली. रक्त आलं. कपाळावर आजही जे खड्डे आहेत आणि नव्या पोरी ज्याकडे चोरून बघतात, ते कांजिण्यांचे नाहीत, माझ्या नखांचे आहेत. मारीझ आली आणि तिनं कपाळावर हात मारला. “आयो मामा! काय केलंस हे?” मी म्हटलं, “झालं. पडल्या सगळ्या. डॉक्टरांना सांग.”

आठव्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर कोणी आलं नाही. मी वाट बघत बसले. आंघोळीची वेळ टळून गेली. मग दार उघडलं. खिडकी नाही, दार. मारीझ बाळाला घेऊन आत आली, तोंडाला फडकं न बांधता, आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

काय आनंद झाला मला! खपल्या पडल्या म्हणून आणली, असंच वाटलं. मी तिचं डोकं हुंगलं. हाताची बोटं मोजली. वेड्यासारखी बडबडत होते, “आलीस का गो, आलीस का माझ्याकडे?” मारीझला म्हणाले, “बघ, मी म्हटलं नव्हतं?” मारीझ भिंतीकडे बघत उभी राहिली. तेव्हा मी दुपटं सोडलं.

पोटावर तीन होते. काखेत एक. गळ्याच्या घडीत आणखी दोन.

लांब ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं, म्हणून ती मला मिळाली होती. बाळांच्या खोलीत दुसरी बाळं होती, त्यांना जपायला हवं होतं.

तीन दिवस ती माझ्याजवळ होती. पहिल्या दिवशी दूध ओढलं, दुसऱ्या दिवशी थोडं, मग चमच्यानं. अंगावर जागा उरली नाही. तिचा श्वास माझ्या श्वासासारखाच झाला, मला ओळखू येत होता तो. अकराव्या दिवशी दुपारी, चहाची गाडी फिरत असताना, ती गेली. बारशाला एक दिवस राहिला होता. ह्यांनी आणि थोरल्या दिरांनी तिला नेऊन पुरलं. मी मागच्या वॉर्डातच होते.

टोचून घेण्याबद्दल

घरी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आईचं होतं, आईनं नेलं.” मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही. त्या गेल्या तेव्हा मीच त्यांचं सगळं केलं, पण त्या एका वाक्याबद्दल माफ केलं का, तर नाही.

मीना आता मोठी झालीय. तिला यातलं काही आठवत नाही आणि आम्ही कुणी काढत नाही. चांगली पोर आहे. ती जवळ येऊन बसली की मी काहीतरी काम काढून उठते. पोरीचा काही दोष नाही. पण उठते.

मूल पुन्हा झालं नाही.

वाचणाऱ्यांच्या उपयोगाचं म्हणून एवढं सांगते. दंडावरची खूण या आजाराला चालत नाही. ती वेगळ्या रोगाची, आणि तो रोग आता जगातून गेला म्हणतात, पोरांना ती खूणही कुणी करत नाही. मी दवाखान्यात दरवर्षी विचारते, कांजिण्यांची टोचणी आली का? आधी नर्स म्हणायची, नाही अशी काही. गेल्या वर्षी एका तरुण डॉक्टरनं सांगितलं की जपानात शोधलीय, तिकडं फार आजारी पोरांना देतात. मी विचारलं, आपल्याकडे कधी? तो म्हणाला, सांगता येत नाही. मी विचारलं, माझ्या वेळी होती का? तो म्हणाला, इथं तर नव्हतीच. मग मी घरी आले. नव्हती हे ऐकून बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. टोचणी नव्हती, पण शमें ग्रेनिएची बस होती.

तेव्हा घरात कुणाला आई आली, वारिसेल आला, काय म्हणायचं ते म्हणा, पण पोटुशी बाई असेल तर तिला बाहेर काढा. पाया पडून नसेल ऐकत तर भांडून काढा. ती दंड दाखवील. ऐकू नका.

एक राहिलं

इथं थांबले असते तर सेक्रेटरींना आवडलं असतं. पण बारा वर्षं मी एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, ह्यांनासुद्धा नाही.

बाळ माझ्याजवळ होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. तिची छाती ऐकली. म्हणाले, “हिला आजच मोठ्या हॉस्पिटलात हलवायला पाहिजे. तिथं काचेची पेटी आहे, आत हवा सोडतात. वाचेलच असं नाही, पण इथं काही करता येणार नाही. वडिलांची सही लागेल. चार वाजता ते आले की ऑफिसात पाठवा.”

मी विचारलं, “मला तिच्याबरोबर जाता येईल?”

“नाही. तुम्ही अजून बऱ्या नाही.”

ते गेले. बाळ माझ्या कुशीत झोपलं होतं. तिची मूठ माझ्या पोलक्यात अडकली होती. मी दिवसभर तिच्याकडे बघत बसले. परत काच, असं सारखं मनात येत होतं. पाच दिवस काचेतून बघितलं, आणि आता ती कुठल्या तरी दुसऱ्या गावात दुसऱ्या काचेत जाणार, आणि मला तीही खिडकी नाही.

चार वाजता हे कुंपणापाशी आले. उसाच्या धुळीनं केस पांढरे झाले होते. ओरडून विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?”

मी खिडकीची फट केली. म्हटलं, “उद्या बघू म्हणाले.”

हे बरं म्हणाले आणि हात हलवून गेले.

डॉक्टर म्हणाले होते, आजच.